सख्ख्या बहिणीचं परीक्षण

मंगळवार, ९ जून

प्रिय छोट्या,

आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात. तोवर पेपर मीच वाचून दाखवते. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवतेय. वाचून मग फाड.

तुझ्या चित्रपटाचं माझं परीक्षण तू वाचलंसच. पाचात दीड तारा. ‘दिग्दर्शकाला भविष्य दिसतं, माणसं दिसत नाहीत’ हे वाक्य सुचलं तेव्हा स्वतःवर काय खूश झाले होते मेली! खरं सांगू? खेळ संपला तेव्हा मी रडत होते. शेजारी बसलेल्या दुसऱ्या दैनिकाच्या समीक्षकाने रुमाल पुढे केला आणि हसत म्हणाला, “बाईसाहेब, भावाला पाच तारे पक्के ना?” तिथेच माझं डोकं फिरलं. मी पक्षपाती? घरी येऊन तुझ्या चित्रपटाची सालटी काढली.

वाटलं, एकीने झोडपलं तर काय बिघडतंय, बाकीचे आहेतच. पण बाकीच्यांनी माझीच री ओढली. काल तिकीटखिडकीवर एक बाई नवऱ्याला सांगत होत्या, “अहो, सख्ख्या बहिणीनेच नाक मुरडलंय, म्हणजे भिकारच असणार.” दोघं शेजारच्या विनोदी सिनेमाला गेली. आत आम्ही पाच-सहा टाळकी. शुक्रवारी उतरवणार, असं मॅनेजर म्हणाले.

दुसऱ्यांदा बघताना मात्र मला घाम फुटला. तुझ्या चित्रपटातल्या त्या भविष्यातल्या शहरात इमान सिद्ध करायला प्रत्येकाला घरच्याच कुणाविरुद्ध तरी साक्ष द्यावी लागते. मी लिहिलं होतं, ‘हे पटत नाही, आपल्या माणसाविरुद्ध इतक्या सहज कोण बोलेल?’ अरे, तुझ्या माणसांच्या मागे निदान बंदूकवाले तरी उभे होते. माझ्यासमोर नुसता एक रुमालवाला होता!

पण हे सगळं लिहितेय ते मुख्य गोष्ट टाळायला. परीक्षण छापून आलं त्या सकाळी आई म्हणाली, “वाच गं, काय लिहिलंस माझ्या लेकाबद्दल?” मी पेपर तोंडासमोर धरला आणि छापलेलं सोडून मनातलं वाचलं. तो अंधारा जिना, साक्ष देऊन घरी आलेली मुलगी, तिला काहीही न विचारता ताट वाढणारा बाप. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हटलंय, तरी आई डोळे पुसत होती. तिने लगेच तुला फोन लावला. “ताईने किती सुंदर लिहिलंय रे!” फोनचा आवाज मोठा होता. तू म्हणालास, “हो आई, वाचलं. छान लिहिलंय.”

शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं रे.

आज आईला खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, “मला वाचून दाखवलंस, ते छाप.” संपादक तयार झाले, अट एकच, पहिलं परीक्षण मी खोटं लिहिलं हे वर छापायचं आणि माझं सदर बंद. मी हो म्हटलं. गुरुवारी येईल. तेवढ्याने तुझा चित्रपट टिकेल, अशी भाबडी आशा मला नाही.

पण गुरुवारी सकाळी घरी ये. तो अंक आई तुझ्याकडूनच वाचून घेणार आहे. माझ्या वाचण्यावर तिचा आता विश्वास नाही.

तू म्हणशील तर, तुझीच
ताई