पऱ्हाटीचे तुकडे

आबा, तुमची चित्रं माझ्याकडे आहेत. एकतीस. भिंतीला टेकवून उभी केली की खोलीत माझी खाट कशीबशी मावते, पण मग दार निम्मंच उघडतं, म्हणून मी रोज आडवा होऊन आत शिरतो. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला एवढं लिहायचं म्हणजे बोटं दुखतात, पण आज रविवार आहे, कारखान्याचा भोंगा वाजणार नाही. इथं झाशीला मी रेल्वेच्या मालडब्यांवर नंबर टाकतो. काळ्या डब्यावर पांढरे आकडे, वीतभर उंच. वळण तुम्हीच शिकवलेलं. डबा वाळला की इंजिन येतं आणि त्याला घेऊन जातं, कधी आपल्या भुसावळकडेही जात असेल. मी ब्रश धुतो आणि पुढच्या डब्यापाशी जातो.

धुळ्याची आपली खोली पत्र्याची होती. दिवसभर तुम्ही दुकानांच्या पाट्या रंगवायचात आणि उरलेल्या वेळात खादीला सरस आणि खडू लावून त्यावर स्वतःची चित्रं. ती कोणी घेत नव्हतं. एकदाच चोपड्याचा एक केळीवाला दारात थांबला. बागेचं चित्र बराच वेळ बघून म्हणाला, "मास्तर, बाग झकास आहे, पण घड कुठे? चार घड टांगून द्या, आत्ता उचलतो." तुम्ही म्हणालात, "बाग अजून लहान आहे, शेठ. सात-आठ महिन्यांनी या." तो हसत हसत गेला आणि चित्र परत माळ्यावर गेलं. आई चुलीपुढून बोलली, "चढनी मनी सवत पुन्हा वर."

माळा म्हणजे आढ्याला टांगलेल्या चार फळ्या. आखाजीच्या सणाला बोदवडहून अक्का माहेरी यायची आणि त्याच आढ्याला तिचा झोका बांधायचा असायचा, म्हणून दरवर्षी त्याआधी सगळी चित्रं खाली उतरायची आणि पंधरा दिवस शेजारच्या पत्र्याच्या खोपटात जायची. कापूस वेचून झाल्यावर शेतात ज्या पऱ्हाट्या उरतात, त्यांचे बोटभर तुकडे तुम्ही कापून ठेवायचात. दोन चित्रांच्या मध्ये चार कोपऱ्यांना चार तुकडे, म्हणजे रंगाला रंग लागत नाही. त्या वर्षी तुम्हाला कापसाच्या एका जिनाची पाटी रंगवायला चोपड्याला जायचं होतं. मोटार सुटताना तुम्ही खिडकीतून वाकून सांगितलंत, "तेलना रंग शे रे, वरथून वाळस, आतून ओलाच ऱ्हास. काड्या लावाले भुलू नको." मी हो म्हणालो. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि मला संध्याकाळची जळगावची मोटार गाठायची होती. तिथं काही काम नव्हतं. नुसतं जायचं होतं. खोपट लहान, ऊन असं की पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. मी चित्रं तोंडाला तोंड लावून रचली, मध्ये काही न घालता, वरून गोणपाट गुंडाळलं आणि गुडघा टेकून दोरी आवळली. काड्या न घातल्यानं ढीग निम्मा झाला, याचं मला कौतुकच वाटलं.

अक्का सासरी गेल्यावर आपण गठ्ठा सोडतो. जुनी चित्रं सुटी होतात, एखाद्याचा टवका जातो. शेवटची दोन सुटत नाहीत. एक ती केळीची बाग. दुसरं आईचं. ते तुम्ही त्याच महिन्यात संपवलं होतं, तीन दुपारी तिला बसवून, आणि ती सारखी म्हणत होती, "माले भाकरी टाकन्या शेतस." तुम्ही चाकूचं पातं कडेनं घालून बघता, मग काढून घेता. माझ्याकडे बघत नाही. "यंदा उन्हच तसं पडनं," असं म्हणता आणि ती जोडी तशीच माळ्यावर ठेवता. त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. दोन महिन्यांनी मी झाशीच्या गाडीत बसलो. तुम्ही गेल्याचं कार्ड मला मिळालं तोवर तुमचा दहावा होऊन गेला होता.

आई अक्काकडे राहायला गेली. अक्काच्या घरी आढ्यापर्यंत कापूस भरलेला, चित्रं ठेवायची कुठे? तिनं ती मालगाडीनं माझ्याकडे पाठवली. तेव्हा माझ्याबरोबर खोलीत एक वऱ्हाडचा गडी राहायचा. आठ दिवस त्यानं सोसलं, मग वळकटी बांधली. "तुझ्या खोलीत माणसं कमी आन् चित्रं जास्त. हजेरी घे त्यायची सकाळ-संध्याकाळ," म्हणाला. मी चित्रं द्यायला निघालो नाही असं नाही. इथल्या एका शाळेत दोन घेऊन गेलो, तर कारकून म्हणाला, देव नाहीतर पुढारी असतील तर बघू. दोन्ही उचलून परत आणली.

आता मुकादमानं माझं नाव विशाखापट्टणमला सुचवलं होतं. तिथं बंदरात जहाजांवर नावं रंगवायची. मी समुद्र पाहिलेला नाही. शनिवारपर्यंत सांगायचं होतं आणि बरोबर एकच ट्रंक न्यायची होती. काल मी नाही म्हणालो. मुकादमानं विचारलं, "अडचण काय? बायको?" मी म्हटलं, लग्न झालेलं नाही. "मग?" "घरची माणसं आहेत." "किती?" तोंडातून निघून गेलं, एकतीस. त्यानं यादीत दुसऱ्याचं नाव घातलं. तो दुसरा दुपारच्या गाडीनं गेलासुद्धा. मी सायडिंगला आकडे टाकत उभा होतो, त्यानं खिडकीतून हात केला.

एकोणतीस चित्रं मी कदाचित कुठंतरी टाकून गेलो असतो, आबा. खोटं कशाला बोलू? त्या दोघांमुळे पाय निघत नाही. अक्का आईच्या वतीनं पत्र लिहिते, त्यात दर वेळी शेवटी आईची एक ओळ असते: "मनं चित्र सुटनं का?" मी दर महिन्याला गरम पाण्यात पातं बुडवून कोपऱ्यात घालतो. आजवर बोटभर फट पडली आहे. आत आईचा कान दिसतो आणि त्यावर केळीचा हिरवा रंग आलेला आहे. आणखी ओढलं तर आई बागेत जाईल की बाग आईवर येईल, ते कळत नाही, म्हणून मी ओढत नाही. हा कागदही घडी करून त्या फटीतच सरकवून ठेवणार आहे.

तुम्ही उन्हाचं नाव घेतलंत. काड्या मी विसरलो, असं तुम्हाला वाटलं असेल तर तेही खरं नाही. तुम्ही त्या मोजून, जुडी बांधून चुलीशेजारी ठेवल्या होत्या. त्या दुपारी आई घरी नव्हती, मला चहा हवा होता आणि मागच्या अंगणातून सरपण आणायचा कंटाळा आला. मी त्या जुडीवर चहा केला.