फुंका म्हणाल्या

६ जानेवारी
खोकला हटेना, म्हणून सुवर्णानं ओढत छातीच्या डॉक्टरकडे नेलं. लेक रहाटणीच्या शाळेत विज्ञान शिकवते, घरी मला. तिथल्या बाईंनी मशीनची नळी पुढं केली. "फुंका." कंपनीच्या गेटवर दारू पकडायचं मशीन असायचं, तेच वाटलं. "आज नको," म्हणून उठलोच. सुवर्णा बाईंना सांगत होती, "अकरा वर्षं थेंब नाही घेतला बाबांनी." केवढी फुशारली होती!
कालच निघोज्यात कंपनीतल्या पाटोळेच्या रिटायरमेंटची पार्टी झाली. "घे राव, आज माझा शेवटचा दिवस." दोन पेग घेतले.

७ जाने.
सु. बोलत नाही. सकाळी एकदाच, "लपवताय का काही?" म्हटलं, "कुठं काय!"
सु.ची आई, शोभा, जाऊन तीन वर्षं झाली. फर्स्ट शिफ्ट करून आलो की दारातच अडवायची, "श्वास सोडा बघू." मी दारू सोडली तरी तिनं हुंगणं सोडलं नाही. नंतर नंतर नुसतंच नाक जवळ आणून हसायची. मी मुद्दाम बडीशेप खाऊन यायचो. फार आठवते.

९ जाने.
गेलो. फुंकलं. पडद्यावरचा फुगा दहा सेकंद रेषेत ठेवायचा, तिसऱ्यांदा जमलं. आकडा जास्त. डॉक्टर म्हणाले दमा, श्वासनळीला आतून सूज. पंप दिला.
रिक्षात सु.चा तास. "शेंगदाण्यात, डाळीत आर्जिनिन असतं, अमिनो आम्ल. त्यापासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं. वायूच तो, पण एका पेशीचा दुसरीला निरोप. नळी सुजली की जास्त बनतो, श्वासात सापडतो."
"अन् दारू?"
"ती नाही कळत यात." मग माझा हात धरला. "दारूचं मशीन समजूनही फुंकलंत तुम्ही. मला उगीच संशय आला, बाबा. चुकलं माझं."
चोराच्या मनात चांदणं! सुटलो, पण तिनं माफी मागितली ते सोसवत नाही. शोभा असती तर पहिल्याच दिवशी पकडून, भांडून मोकळी झाली असती.

१० जाने.
पंप दोनदा. खोकला जरा कमी.
सु. चहा घेऊन आली. शाळेची घाई होती तिला. म्हटलं, "बस जरा. पाटोळेच्या पार्टीचं सांगायचंय."
बसली.