चौबगला

९ नोव्हेंबर

दादा,

धाकटीचा नमस्कार. वहिनीचा खोकला थांबला का? इथे बाबा बरे आहेत. गुडघे कुरकुरतात आणि तेही कुरकुरतात.

नाटक कंपनीनं अठरा पुरुषांचे अंगरखे शिवायला दिलेत, सातशे वर्षांपूर्वीच्या सैनिकांचे. कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंनी एका जुन्या नमुन्याची आकृती दिली. तू पाहिली असतीस तर हसला असतास. बाही जोडायच्या मुंढ्याला गोलाईच नाही! सगळे सरळ चौकोन आणि घेरासाठी तिकोनी कळ्या. चिंधीसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही, असा त्या शिंप्याचा हट्ट. पण त्याचं गिऱ्हाईक सडपातळ, आणि आमचा सेनापती म्हणजे कोठी! मी छाती-पोट वाढवलं, बाही रुंद केली, आधी मांजरपाटावर शिवून पाहिलं. उभा राहिला की देखणा दिसायचा.

तालमीत त्यानं तलवार उगारली आणि काखेत टर्रकन फाटलं.

बाई म्हणाल्या, "तुमच्या भावाला पाठवा. कापणाऱ्याशीच बोलते."

आता सांगायलाच हवं. तू बाबांशी भांडून गेलास त्याला तीन वर्षं झाली, पण गिऱ्हाइकांना आम्ही अजून सांगतो, मुलगा आत बसून कापतो. बाईनं कापलेला कोट पुरुष अंगाला लावणार नाहीत, हे बाबांचं म्हणणं. मीही मान डोलावली. खरं सांगू? सोयीचंच होतं ते. कौतुक तुला जायचं, पण बोलणीही तुलाच बसायची. दोनदा कॉलर बिघडली तेव्हा "दादाचं लक्ष नव्हतं" म्हणून मोकळी झाले. माफ कर.

त्या दिवशीही तेच तोंडावर आलं होतं. गिळलं.

"भाऊ इथे नाहीये. कापलंय मी. चूकही माझीच."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग लांब काय उभ्या राहिलात? या इकडे."

दोघींनी आकृती पुन्हा पाहिली. काखेत एक छोटा चौकोनी तुकडा होता, चौबगला. बाही एवढी रुंद केल्यावर तो कशाला, म्हणून मी गाळला होता. हात वर जातो तो त्या तुकड्याच्या जोरावर! अठराही अंगरखे उसवले, प्रत्येकाच्या मापानं चौबगला घातला. सेनापतीचा तर तळहाताएवढा. काल त्यानं चाळीस वेळा तलवार फिरवली. टाका हलला नाही.

नाटकाच्या माहितीपत्रकात कापणारा म्हणून तुझं नाव जाणार होतं. ते बदलून माझं घालून घेतलं. उद्या रंगारी येऊन दुकानाची पाटीही बदलेल. परवानगी मागत नाहीये, कळवतेय. गिऱ्हाइकं तुटली तर तुटोत, नवी जोडीन. बाबा चार दिवस माझ्याशी बोलत नाहीत. जेवतात मात्र माझ्याच हातचं.

कधी परत यावंसं वाटलं तर ये. कापायच्या टेबलाशी दोघांना पुरेल एवढी जागा आहे. माझ्या शेजारी. माझ्या जागी नाही.

तुझी धाकटी,
या दुकानात कापणारी