शीग लावलेलं मापटं

टाकवे बुद्रुक,
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रमोदिनीताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तुम्ही, रुचिरभाऊजी आणि सई बरे असाल असं पुढे लिहिणार होते, पण सई बरी नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून ती ओळ सोडून देते.

भात छान उभं आहे. शालूबाईंच्या कमरेने पुन्हा दगा दिला, त्यामुळे गटात सध्या सातच जणी आहोत आणि काम मात्र वाढलेलं. आमचे लाडू चार शाळांत जायचे, ते आता अकरा शाळांत जातात. नव्या सातही शाळांनी आधी एकच विचारलं, "डब्यावर लेबल असतं ना?" ही तुमची कृपा.

गेल्या वर्षी तुम्ही सईला घेऊन लोणावळ्याहून आमच्या शेडवर आलात, ते आठवतं? मी म्हटलं होतं, ताई, आमचे नाचणीचे लाडू डब्यातून सुटे जातात, त्यांना लेबलाची सक्ती नाही. तुम्ही म्हणालात, "सक्ती नाही हे मलाही माहीत आहे. मी शाळेतली बाई म्हणून नाही, हिची आई म्हणून मागते." मी सईपुढे लाडू धरला, तर तिने दप्तरातून वही काढली आणि विचारलं, "काकू, यात कर्बोदकं किती?" एवढीशी पोर, खाण्याआधी आकडा लिहिते आणि त्यावर तुम्ही तिच्या इन्सुलिनचं इंजेक्शन ठरवता, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मला तर लाडवात गूळ किती तेही धड सांगता येईना.

मग यंदा शाळा उघडताना आपण लेबल केलं. नमुन्याचे लाडू मी स्वतः वळले, गूळ काट्यावर तोलून, एकेक लाडू तीस ग्रॅमचा. पुण्याच्या प्रयोगशाळेतून कागद आला: एका लाडवात कर्बोदकं सोळा ग्रॅम. तेच डब्यावर छापलं. तेच सईने वहीत लिहिलं.

इथपर्यंत सगळं खरं आहे. पुढचं लिहायला सकाळपासून तीनदा बसले आणि तीनदा उठले. काल तुम्हाला दोनदा फोन केला, तो भातावर बोलायला नव्हता केला. पण फोनवर माझी जीभ फार सहज वळण घेते, म्हणून लिहिते.

रोजचे लाडू मी करत नाही. माझ्या सासूबाई, बयाबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, करतात. शालूबाई अंथरुणाला लागल्या म्हणून एकवीस जुलैला मी आत्याबाईंच्या मदतीला बसले. भिंतीवरच्या कागदावर मीच लिहिलंय, 'गूळ चार मापटी'. आत्याबाईंनी चारच भरली, पण प्रत्येक मापट्यावर शीग लावली, बाजूने ओघळेपर्यंत. मी म्हटलं, आत्याबाई, माप सपाट घ्यायचंय.

"लेकरांच्या तोंडात जायाचं हाय," त्या म्हणाल्या. "सपाट माप दुकानदाराचं असतंय. आमी कदी कुनाला सपाट माप दिलं न्हाई."

आमच्याकडे शेजारणीला भात मोजून देतानाही शीग लावतात; सपाट दिलं तर ती वर्षभर बोलून दाखवते. मला हे लहानपणापासून माहीत होतं. तरी नमुना करताना मी काट्यावर करून मोकळी झाले, रोजचं माप एकदाही बघितलं नाही. लाडूही आत्याबाई मूठ भरेल एवढा वळतात. त्या दिवशी एक तोलला तर अडतीस ग्रॅम भरला. हिशेब केला. सोळाच्या जागी बावीस होत होते, कदाचित जास्तच.

आणि मी काटा पुसून कपाटात ठेवला.

लेबलं नुकतीच छापून आली होती, नव्या शाळांचा होकार आला होता, बायका खुशीत होत्या. मी मनाशी म्हटलं, गूळच जास्त आहे, विष तर नाही. सईचा विचार तेव्हा आला नाही असं लिहिलं तर या पत्रात पहिलं खोटं शिरेल. आला होता. मी तो बाजूला सारला.

मग बुधवारी तुम्ही कामशेतला तांदूळ घ्यायला आलात आणि माझ्याकडे चहाला बसलात. तुमचे डोळे सुजले होते. शाळेच्या दिवशी दुपारनंतर सईची साखर तीनशेच्या घरात जाते, रविवारी मात्र ठीक असते. म्हणजे ती मैत्रिणींच्या डब्यातलं चोरून खाते, असं तुम्ही म्हणालात. रोज दप्तर तपासता. ती गळ्याची शपथ घेऊन सांगते, आई, वहीत लिहिले तेवढे दोन लाडूच खाल्ले. "मी तिला मारलं, राजेश्वरी," तुम्ही म्हणालात. "आजवर कधी हात उचलला नव्हता."

त्यावर मी काय म्हणाले, ते तुम्हाला आठवत असेल. "मुलं असतातच तशी, ताई. गोडापुढे कुणाचं चालतं?"

एका शब्दाने मी त्या पोरीला सोडवू शकत होते. त्याऐवजी तुमच्या कपात आणखी चहा ओतला. त्या दिवसापासून मला स्वतःची लाज वाटते, आणि लाजेने कुणाचं भलं होत नाही हेही कळतं.

सई खोटं बोलली नाही, ताई. तिने सोळा लिहिलं कारण डब्यावर सोळा होतं.

उद्या दहा वाजता डॉक्टर तिचा डोस वाढवणार, असं तुम्ही म्हणाला होतात. त्यांना आधी हे सगळं सांगा. मला औषधातलं कळत नाही, पण चुकीच्या आकड्यावर डोस वाढला आणि एखाद्या दिवशी लाडू पोचलाच नाही, तर पोर शाळेत कोसळेल एवढं कळतं. या भीतीने मला शेवटी लिहितं केलं.

आज दुपारी गटाला सांगितलं. रतनबाई म्हणाल्या, "आता गुमान माप सपाट करू. कुनाला काय कळतंय?" चार आठवडे मीही स्वतःला हेच सांगत होते, त्यामुळे त्यांच्यावर रागावता आलं नाही. अकराही मुख्याध्यापकांना फोन केले. चौघांनी लाडू बंदच केले. डब्यांवरची लेबलं गरम पाण्याने सोडवली.

आत्याबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजी त्या पोरीनं मार खाल्ला त्यो माज्या मापाचा." मी म्हटलं, नाही आत्याबाई, माझ्या गप्प बसण्याचा. "तुजं तू सांग, माजं मी सांगते," म्हणाल्या, आणि मापटं फडक्यात बांधून ठेवलं.

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या सातच्या आत आम्ही दोघी तुमच्या दारात असू. पत्र तुमच्या हातात देऊ आणि तुम्ही वाचेपर्यंत पायरीवर बसू. आम्हाला आत घ्यायचं की नाही ते नंतर ठरवा. आधी सईला उठवा आणि तिला सांगा की ती खरं बोलत होती. दाराबाहेरून तेवढं ऐकू आलं तरी आम्ही परत जाऊ.

तुमच्या लेकीला खोटं पाडणारी,
राजेश्वरी