हलवून पाहा

४ मार्च
कारखान्यातला फिटर शिडीवरून पडला. बेशुद्ध. मणक्याला मार, कमरेखाली काही कळत नाही. आमच्या भाषांतर विभागात बातमी चहाबरोबर आली — चहा तसाच राहिला.
त्याचा धाकटा भाऊ तिथेच कामाला. त्याने उचलून बाकावर निजवलं. डॉक्टर म्हणे चिडले, "जागचा हलवायचा नाही, एवढंही कळत नाही?"
तिथल्या भिंतीवरच्या प्रथमोपचाराच्या कार्डाचं मराठी माझं. "माणूस बेशुद्ध असेल तर आधी हलवून पाहा." अहो, खांदा हलवून! हाक मारून! मी नुसतं 'हलवून' लिहिलं.

५ मार्च
दिवसभर तोच शब्द. औषधाच्या बाटलीवर मीच लिहिते — घेण्यापूर्वी हलवा. पाककृतीत — मंद आचेवर हलवत राहा. गोदामात माल हलवतात, दवाखान्यात पेशंट, ऑफिसात सूत्रं. कुठे ढवळायचं, कुठे उचलायचं, वाचणाऱ्याला आपोआप कळतं. म्हणून बिनधास्त होते. ह्यांनी एकदा चेष्टाही केली होती — "तुझा हा शब्द पाच ठिकाणी नोकरी करतो!"
कार्ड करताना खटकलं होतं. नक्की खटकलं होतं. जेवायची सुट्टी झाली, सोडून दिलं.

६ मार्च
साहेबांना सांगायला गेले. रजेचा अर्ज देऊन परत आले.

९ मार्च
दवाखान्यात गेले. फिटरची बायको कॉटजवळ, धाकटा बाहेर जिन्यात बसलेला. "वहिनी आत येऊ देत नाही. म्हणते, तूच त्यांना अधू केलंस."
आत जाऊन तिला सगळं सांगितलं. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं! तिने एवढंच विचारलं, "म्हणजे कार्डावर लिहिलं होतं तसंच भावजींनी केलं?"
"हो."
ती उठली आणि जिन्याकडे गेली.

१० मार्च
साहेबांना लेखी कळवलं. कार्डं उतरवली. नवी ओळ — "खांद्यावर थोपटून हाक मारा. उचलू नका." इतकी सोपी होती.

१६ मार्च
धाकट्याचा फोन. "ताई, तुमच्याशी खोटं नाही बोलवत. ते कार्ड मी कधी वाचलंच नव्हतं. दादा पडला, मी उचलला. पण वहिनी आता मला ताट वाढते. तुम्ही शब्द मागे घेऊ नका."
नाही घेणार, म्हटलं.