उजव्या स्पीकरमधली दोघं

मी, खाली सही करणारा, धंद्याने रेडिओ दुरुस्त करणारा, हौसेने मेंडोलिन वाजवणारा आणि त्यापायी सगळ्या ओळखीपाळखीत ‘तारवाला’ याच नावाने हाक मारला जाणारा, आज पुरती झोप काढून, चहा घेऊन, मागे कोणाचाही लकडा नसताना ही माझी शेवटची इच्छा माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. डॉक्टरीणबाईंनी छाती, नाडी आणि डोकं तिन्ही तपासलं. पहिल्या दोहोंबद्दल त्यांनी नकारार्थी मान हलवली. तिसऱ्याबद्दल म्हणाल्या, ते गरजेपेक्षा जास्त चालतंय. तेव्हा माझं चित्त ठिकाणावर नव्हतं असं मागाहून कोणी म्हणू नये.

यापूर्वी वकीलबाईंकडून मी एक मसुदा करून घेतला होता. तो रद्द समजावा. त्यात घराबद्दल एक अट होती, माझ्या पत्नीवर घातलेली. ती अट ठेवायची की काढायची, याच एका गोष्टीसाठी मी हे सगळं पुन्हा लिहायला बसलो आहे.

कलम १. माझी मिळकत सगळी स्वकष्टाची आहे. दोन खोल्या आणि त्यांना लागून रस्त्याच्या बाजूचा दुकानाचा गाळा, एवढी स्थावर. वारस दोघीच: माझी पत्नी, जिला मी यापुढे ‘ही’ म्हणेन, कारण उभ्या जन्मात दुसरं काही म्हटलेलं नाही, आणि आमची लेक, जी स्टुडिओत आवाज जुळवायचं काम करते. अंमलबजावणी लेकीने करावी. तिला माझा स्वभाव ठाऊक आहे, आणि तरी ती घरी येते.

कलम २. दुकानातली हत्यारं, म्हणजे सोल्डरिंगचा डाग द्यायच्या दोन्ही इस्त्र्या, मीटर, चिमटे, तारेची रिळं, चौकातल्या तंत्रशाळेला द्यावीत. मात्र मोजणी करताना पिवळ्या मुठीचा लहान स्क्रू-ड्रायव्हर सापडणार नाही. तो फुंकणीवाल्याकडे आहे. क्लॅरिनेटच्या चाव्या आवळायच्या म्हणून नेला, आणि त्याच्या चाव्या आजतागायत आवळून व्हायच्या आहेत. तो वसूल करावा. फुंकणीवाला म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्रातला क्लॅरिनेट वाजवणारा. हे नाव मी ठेवलं आहे. त्याला ते आवडत नाही, म्हणून टिकलं.

मेंडोलिन लेकीचं. तारा बदलायला हरकत नाही, पण पॉलिश करू नये. माझ्या मनगटाने घासून जो भाग पांढरा पडलाय, तेवढीच त्या वाद्यावर माझी सही आहे.

कलम ३. रेकॉर्ड आणि स्पीकर. हे कलम लांबणार. वकीलबाईंनी कंटाळू नये.

आमच्या ऑर्केस्ट्राची एकच रेकॉर्ड निघाली. दोन स्पीकरांवर वेगवेगळं ऐकू येणारी, म्हणजे स्टीरिओ. तेव्हा ते नवं होतं. प्रत्येकाचा आवाज निराळ्या माइकवर घ्यायचे, आणि कोण कुठल्या स्पीकरमधून बोलणार हे रेकॉर्डिस्ट ठरवायचा. त्याच्या टेबलावर प्रत्येक आवाजासाठी एक खटका होता, आणि त्या खटक्याला जागा तीनच: डावी, मधली, उजवी. अधलंमधलं काही नाही. मधली जागा म्हणजे दोन्ही स्पीकरांत सारखं. मग ऐकणाऱ्याला वाटतं, आवाज समोरच्या कोऱ्या भिंतीतूनच येतोय. तिथे मुख्य गायक, ड्रम आणि बास बसले. मला त्याने डावीकडे टाकलं, एकट्याला. ही तेव्हा दुसऱ्या आवाजात गायची. हिला त्याने टाकलं उजवीकडे. फुंकणीवाल्यालाही उजवीकडे.

प्रत्यक्ष स्टुडिओत हिच्या शेजारी मी उभा होतो, हे मला इथे नोंदवून ठेवायचं आहे. माझं कोपर हिच्या कोपराला लागत होतं. फुंकणीवाला दाराजवळ, जाड पडद्यामागे उभा होता आणि आम्हाला दिसतसुद्धा नव्हता. पण रेकॉर्डला ते ठाऊक नाही.

रेकॉर्ड घरी आणून लावली, आणि त्या दिवशी पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. ही एक ओळ म्हणते आणि थांबते. त्या थांबण्यात तो हळूच दोन सूर ठेवतो. ही पुन्हा उचलते. तेवढ्याशा खोक्यात दोघं, खोकंही मीच प्लायवूड कापून बनवलेलं, आणि मी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीशी, आपलं तुणतुण करतोय. आमचं नवीन लग्न. पाहुणे यायचे, कौतुकाने म्हणायचे की काय जोडी जमलीय. मी विचारायचो, कोणाची? ते बोट दाखवायचे उजव्या स्पीकरकडे.

मी उपाय करायचे सोडले नाहीत. स्पीकरच्या तारा उलट जोडल्या. ती दोघं डावीकडे आली आणि मी उजवीकडे गेलो, अंतर तेवढंच. बॅलन्सचं बटण डावीकडे पार पिळलं. तो गेला, पण त्याच्यासोबत हीही गेली, आणि ते तर आणखीच वाईट. मोनोचं बटण दाबलं. सगळे मधे आले, म्हणजे तोही आलाच. शेवटी दोन्ही स्पीकर एकमेकांना चिकटवून ठेवले. ही बाहेरून आली, पिशवी खाली ठेवली, बघितलं आणि विचारलं की भाडं वाढलंय का, सगळे एकाच खोलीत राहायला आलेत.

हिने यावरून माझी चेष्टा पुष्कळ केली, पण भांडण एकदाही केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. फुंकणीवाल्यालाही मी बोलून दाखवलं. तो म्हणाला, खटका रेकॉर्डिस्टने टाकला, मी नाही. खरं आहे. पण खरं असल्याने काही कमी सललं असं झालं नाही. त्याची बायको गेल्यापासून तो रोज संध्याकाळी आमच्याकडे येतो. वहिनी म्हणतो, म्हणायला काय जातंय. ही बोलत असली की तो तिचं वाक्य पुरं होऊ देतो. मी हा त्याचा दुर्गुण समजत आलो.

हे दोन्ही स्पीकर हिच्याकडे राहावेत आणि वेगळे करू नयेत. मधे एकदा माझ्या मनात आलं होतं की डावा फुंकणीवाल्याला लिहून द्यावा, म्हणजे जन्मभर त्याने एकट्या मला ऐकत बसावं. विचार गोड होता. पण मग उजवा एकटा हिच्यापाशी राहिला असता, आणि त्यात कोण आहे ते वर लिहिलंच आहे.

कलम ४. घर.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की आता तो स्पीकरमधून निघून माझ्या बैठकीच्या खोलीत येऊन बसणार. तसा रोज येतोच, पण आता उठून जायचं कारण उरणार नाही. म्हणून मी वकीलबाईंकडे गेलो आणि अट घालून घेतली: ‘सदर मिळकतीचा उपभोग पत्नीने हयातभर घ्यावा, परंतु तिने पुनर्विवाह केल्यास वा अन्य पुरुषास घरात वास्तव्यास ठेवल्यास तिचा हक्क संपुष्टात येईल.’ वकीलबाई म्हणाल्या, अहो, या वयात? मी म्हटलं, तुम्ही रेकॉर्ड ऐकलेली नाही.

मसुदा मी स्वतः हिला वाचून दाखवला. ही शेंगा सोलत होती. सगळं ऐकून घेतलं, आणि मग म्हणाली:

“म्हणजे घर मला देताय, की मला घराबरोबर कुलपात घालताय?”

आणि परत शेंगा सोलायला लागली. त्यानंतर बरेच दिवस हिने औषधं वेळेवर दिली, पाठीला तेल लावलं, पण रोज संध्याकाळी ही रेकॉर्ड लावायची, ते बंद झालं. मी मनात म्हटलं, अट बरोबर जागी लागलीय, म्हणूनच हिला लागलीय. मी काही मागे हटणार नव्हतो.

अशात लेक आली. जुना स्टुडिओ मोडीत निघाला तेव्हा आमच्या टेपा तिने उचलून आणल्या होत्या, साफ करून कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या. प्रत्येकाचा आवाज निराळा. आता खटके नाहीत. गोल बटण फिरवलं की आवाज तीळतीळ सरकतो. तिने आम्हा दोघांना समोर बसवलं आणि विचारलं:

“बाबा, बोला. कोणाला कुठे बसवू?”

माझं उत्तर तयारच होतं, लग्नापासून. म्हटलं, त्याला डावीकडे टाक, अगदी कडेला. आणि मला तुझ्या आईजवळ. लेकीने आईकडे पाहिलं. ही म्हणाली, बसव बाई, एकदाचं बसव.

गाणं सुरू झालं. तो खिडकीशी गेला, एकटा, आणि मला कोण आनंद झाला म्हणून सांगू. मी उजवीकडे आलो. मेंडोलिन असं खणखणीत वाजत होतं की मला माझाच अभिमान वाटला. एक कडवं गेलं. मग ही पुढे वाकली, स्पीकरला कान लावला, आणि हलक्या आवाजात विचारलं:

“मी कुठे गेले?”

खरंच नव्हती. लेकीने पुन्हा लावलं. ओळ सुरू होताना हिचा आवाज जरासा डोकवायचा आणि माझ्या तारांच्या झिणझिणीखाली बुडायचा. लेकीने मला लहान केलं. ही दिसायला लागली, पण मी गेलो. मोठं केलं की मी आहे, ही नाही. तिने समजावून सांगितलं: मेंडोलिनच्या तारा आणि आईचा आवाज एकाच उंचीवर चालतात. असे दोन आवाज एका जागी ठेवले की एक दुसऱ्याला खातो. लांब ठेवले की दोघंही जगतात. रेकॉर्डिस्टने ते तिथल्या तिथे ऐकलं असणार, म्हणून खटका डावीकडे टाकला. मी म्हटलं, आणि तो फुंकणीवाला? तो बरा खात नाही? लेक म्हणाली, काकांचा सूर खाली आहे, आणि आई गाते तेव्हा ते वाजवतच नाहीत. ती थांबली की वाजवतात.

“म्हणजे तो शहाणा, आणि मी?”

“तुम्ही मोठ्याने,” ही म्हणाली.

लेकीला हसू आवरेना. मला हसू आलं नाही. मी लेकीला म्हटलं, सगळे होते तिथे परत ठेव. तिने बटणं फिरवली. हिचा आवाज पुन्हा आला, उजवीकडे, स्वच्छ, तेव्हाच्या वयाचा. त्याच्यामागे तो. आणि खोलीच्या त्या टोकाहून मी. कडवं संपलं. मग हिने माझ्या हातावर हात ठेवला.

“तिकडेच राहा. तिकडून छान ऐकू येता.”

ही हे गाण्याबद्दल बोलली. मी ते मी गेल्यानंतरच्या सोयीसाठीही लिहून घेतलं आहे.

सबब, दोन्ही खोल्या, दुकानाचा गाळा आणि बँकेतली शिल्लक मी माझ्या पत्नीस पूर्ण मालकी हक्काने, विनाअट देत आहे. तिने राहावं, विकावं, रंग बदलावा, कोणाला राहायला बोलवावं, कोणाला घालवावं. वर सांगितलेली अट मी माझ्या हाताने खोडली आहे. मन मोठं झालं म्हणून खोडलेली नाही, मन होतं तेवढंच आहे. ही मला पुन्हा ऐकू यायला हवी होती, म्हणून खोडली.

लेकीने मला उजवीकडे बसवून केलेलं ते नवं गाणं पुसून टाकावं. यापुढे रेकॉर्ड कोणी नव्याने काढलीच, तर आवाजांच्या जागा हलवू नयेत.

कलम ५. माझी खुर्ची. अट नाही, विनंती आहे: निदान उन्हाळा सरेपर्यंत तीत फुंकणीवाल्याने बसू नये. त्याला स्टूल द्यावं. त्याची पाठ दुखते, हे मला ठाऊक आहे.

कलम ६. साक्षीदार. वकीलबाईंनी सांगितलं की जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. हे ऐकून फार दिवसांनी मला शांत झोप लागली. दुसऱ्या दिवशी मी फुंकणीवाल्याला निरोप धाडला की सहीला ये.

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. चष्मा लावून पहिल्या ओळीपासून सगळं वाचलं. स्वतःचं नाव आलं तिथे ओठ आवळले, पुढे गेला. स्टुलाच्या जागी आला तेव्हा मात्र हसला. मी हे शेवटचं कलम लिहीत असताना तो मधे एकदाही बोलला नाही, तो दुर्गुण त्याने इथेही सोडला नाही. सगळं झाल्यावर त्याने एवढंच विचारलं की यातून मला काही नाही ना? मी म्हटलं, काही नाही, पक्कं करून घेतलंय. तो म्हणाला, मग आण पेन.

तेव्हा, फुंकणीवाल्याला माझ्याकडून काहीही मिळत नाही. माझ्या पत्नीने तिच्या घरातून, तिच्या राजीखुशीने त्याला काही द्यायचं ठरवलं, चहा म्हणा, संध्याकाळ म्हणा, किंवा आणखी काही, तर तो व्यवहार या कागदाबाहेरचा आहे, आणि त्यावर कोणीही हरकत घेऊ नये. माझी स्वतःची हरकत आहे. ती इथे नोंदवली आहे. ती अमलात आणू नये.

स्थळ: बैठकीची खोली, खिडकीची बाजू.
दिनांक: वकीलबाईंनी सहीखाली स्वतःच्या हाताने घातलेला.

मृत्युपत्र करणारा: (सही) तारवाला

आम्हा दोघांसमक्ष त्याने सही केली आणि त्याच्यासमक्ष आम्ही केली:

साक्षीदार १: (सही) डॉक्टरीणबाई. तब्येत तपासली, डोकं शाबूत, स्वभाव तसाच.

साक्षीदार २: (सही) ~~फुंकणीवाला~~ क्लॅरिनेटवादक व मित्र

‘व मित्र’ हे शब्द साक्षीदाराने आपल्या मनाने वाढवले आहेत. वाढ मान्य. (छोटी सही) तारवाला