छत्तीस दात्यांची चकती

प्रिय आर्डिसताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे ऑर्विनचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. (पत्र संपेपर्यंत ते जोडलेलेच आहेत असं समज. मग लिहितो कसा, ते विचारू नकोस.) तुझी तब्येत कशी आहे? अ‍ॅरिझोनाच्या उन्हात गुडघा जरा बरा आहे का? तिकडे लोक नाताळात अर्ध्या चड्डीवर फिरतात असं तू लिहिलं होतंस, ते मी तुझ्या भावजयीला, व्हर्नाला, वाचून दाखवलं. तिनं पडदा सारून बाहेरचं उणे बावीस बघितलं, पडदा परत लावला आणि दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही. बाकी इकडे सगळे मजेत. म्हणजे व्हर्ना मजेत आहे, कुत्रा मजेत आहे. सिग्ने मात्र मजेत नाही, आणि त्याचं कारण मी आहे. फोनच करणार होतो. पण फोन स्वयंपाकघरात, व्हर्नाही स्वयंपाकघरात, आणि जे सांगायचं आहे ते तिच्या कानावर जाऊन चालणार नाही. म्हणून तळ्यावरच्या मासे धरायच्या खोपटात बसून हे लिहितो आहे. शेगडी पेटवली आहे, बर्फाच्या भोकात गळ सोडला आहे, पण एक मासा म्हणून फिरकलेला नाही. मी मासा असतो तर मीही माझ्याजवळ फिरकलो नसतो.

सिग्ने आता आठ वर्षांची झाली. आमच्या लेकीला, कारीला, कारखान्यात शनिवारीही पाळी असते, त्यामुळे आमची ही नात शुक्रवार ते रविवार आमच्याकडेच. तिच्या पलंगाच्या वर भिंतीला तुझा तो फोटो आहे, करंडक हातात आणि केसांत बर्फ असलेला. (मी म्हटलं होतं, माझाही एक लाव. ती म्हणाली, ‘‘तू काय जिंकलास?’’) यंदा तिला तळ्यावरच्या लहान मुलांच्या शर्यतीत उतरायचं होतं, म्हणून तिला ती चिमुकली स्नोमोबाइल घेतली. दिसायला खेळणं, पण इंजिन खरं, बर्फ कापणारा पट्टा खरा, आणि नातीचा आवेश तर त्याहून खरा. गाडीची चेन आणि चकत्या मी बसवणार हे ओघानंच आलं. चाळीस वर्षं अख्ख्या तालुक्याच्या बर्फगाड्या मी दुरुस्त केल्या. ऑक्टोबरात तू निघायच्या आदल्या दिवशी माझ्या शेडमध्ये कॉफी पीत बसली होतीस, तेव्हा मी मागच्या आसावर तीस दात्यांची चकती चढवत होतो, हे तुला आठवत असेल. ‘‘पोरीला पळणारी गाडी दे रे बाबा,’’ असं तू म्हणालीसही होतीस.

दिली होती गं. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला आणि सिग्नेनं अंगणात गाडी काढली. कोठारापर्यंत सरळ गेली, तिथं वळली, आणि वळताना दोन्ही कोपर बाहेर, हनुवटी पुढे, बूड सीटवरून एक वीत वर. ताई, ती तू होतीस! मला एकदम शहात्तर सालचं ते वळण दिसलं. गवताच्या भाऱ्यांवर उलटी पडलेली गाडी दिसली आणि बर्फावर वेड्यावाकड्या कोनात पडलेला तुझा पाय दिसला. तू आजही तो किस्सा हसत सांगतेस, की हाव सुटली, वळण आवरलं नाही, गुडघा गेला, शर्यती संपल्या, चूक माझीच. सगळे हसतात, आणि मी कॉफीत बघत बसतो. असो. तसलं वळण पोरीच्या वाट्याला यायला नको होतं. पोरीला नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून मी दुसरा उद्योग केला. सोमवारी ती शाळेत गेल्यावर मागची तीस दात्यांची चकती काढली आणि छत्तीसची बसवली.

तुला समजावून सांगायला नको, पण मनाला बरं वाटावं म्हणून सांगतो. सायकलची मागची चकती मोठी केली की चढ सोपा जातो, पण सपाटीवर कितीही पाय मारा, पोस्टमन चालत पुढे जातो. तसंच झालं. पंचवीस मैलांची गाडी एकविसावर आली. इंजिन मात्र पूर्वीसारखंच केकाटायचं, त्यामुळे बसणाऱ्याला वाटावं की आपण उडतो आहोत. (ही माझी खरी कारागिरी. असली कारागिरी माझ्या शत्रूच्या हातात नसावी.) मोठ्या चकतीला चेन पुरेना, म्हणून चार कड्या वाढवल्या. चेन जोडणाऱ्या कडीची ती नखाएवढी क्लिप सुटून उडाली ती कुठं गेली कळेना. तासभर मी गुडघ्यांवर रांगत लोहचुंबक फिरवला. त्यात एकोणीस खिळे मिळाले आणि व्हर्नाचं दोन वर्षांपूर्वी हरवलेलं कानातलं मिळालं. क्लिप माझ्याच पायमोज्याला अडकली होती. देवानं इतक्यांदा अडवायचा प्रयत्न करूनही माणूस ऐकत नाही, तो असा.

जानेवारीत शर्यती सुरू झाल्या. पहिल्या शनिवारी सिग्ने शेवटची आली. दुसऱ्या शनिवारी शेवटची. तिसऱ्या शनिवारी ऑकऱ्यांच्या धाकट्या मुलीची गाडी मधेच बंद पडली, ती मुलगी रडली, नाक पुसलं, गाडी परत चालू केली आणि तरीही सिग्नेच्या पुढे आली. शेवटच्याला चर्चच्या बायका ‘प्रयत्नांबद्दल’ म्हणून एक हिरवी फीत देतात. आमच्या फ्रिजवर आता अशा पाच फिती आहेत. शर्यतीआधी गाड्या तपासायला मिल्फर्ड ऑकरे असतो. तो दुसऱ्याच शनिवारी वाकला, चेनवरचं झाकण उचललं आणि बराच वेळ आत बघत राहिला. नियमांचं पुस्तक चोरून जोरात पळणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे, चोरून हळू पळवणारा माणूस लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आला नसावा. मिल्फर्डनं झाकण लावलं, माझ्याकडे न बघता हातमोजे चढवले आणि म्हणाला, ‘‘हं. वेगळंच आहे.’’ आपल्या गावात ‘वेगळंच आहे’ म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहे. मागे एका माणसानं बँक बुडवली, तेव्हाही लोक एवढंच म्हणाले होते.

तर ताई, पुढच्या आठवड्यात सगळ्या गावाला कळलं होतं. आणि आपलं गाव ते, कोणी एक शब्द काढेल तर शपथ! बायका सिग्नेला बटाट्याची गरम लेफ्सा पोळी लोणी-साखर लावून द्यायच्या, ‘‘छान चालवलीस हो,’’ म्हणायच्या, आणि माझ्या कपात कॉफी ओतताना अर्धाच कप भरायच्या. मी तो अर्धा कप मान खाली घालून प्यायचो. वाटायचं, कोणीतरी चारचौघांत माझी कॉलर धरावी. कोणी धरली नाही. एक शब्द मी बोललो असतो तर सगळं मिटलं असतं, पण तो आज बोलू, उद्या बोलू करत राहिलो. पहिल्या आठवड्यात ती काळजी होती. पाचव्या आठवड्यात ती निव्वळ लबाडी होती.

मधल्या काळात पोरीनं आपली चूक आपणच शोधून काढली. तिनं ठरवलं की आपण जड आहोत. आधी लेफ्सा बंद केली. मग आतला लोकरी मोज्यांचा जोड काढून टाकला, आणि व्हर्नाला तो गाडीच्या सीटखाली सापडला. आणि गेल्या गुरुवारी, शाळेला बर्फाची सुट्टी होती म्हणून ती आमच्याकडे होती, तर बाथरूमचं दार बराच वेळ बंद. दार उघडलं तेव्हा वेणी डोक्यावर नव्हती, हातात होती. मेंढीची लोकर कापायची माझीच कात्री. आणि ती रडत नव्हती गं, हेच वाईट. ती सरळ शेडमध्ये गेली, मासे तोलायच्या काट्याला वेणी लटकवली आणि मला म्हणाली, ‘‘आजोबा, नीट वाच, किती भरली?’’ काटा हललासुद्धा नाही. ती काट्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘म्हणजे हेही नाही. सॉरी हं आजोबा, एवढी चांगली गाडी तू मला दिलीस आणि मला ती चालवताच येत नाही.’’

तिथं मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, ‘‘चल, कोको पिऊ या.’’

आज, शुक्रवारी, दुपारी मी गुपचूप तीसची चकती परत बसवायला घेतली. म्हटलं, उद्या गाडी पळेल, पोर हसेल, कोणाला काही कळणार नाही. चेन सोडली, छत्तीसची काढून बाकावर ठेवली, तीसची हातात घेतली आणि मागं वळलो तर दारात सिग्ने. शाळेची बस लवकर आली होती. तिनं दोन्ही चकत्या बघितल्या. मग दप्तर खाली ठेवून बाकावरचीचे दाते मोजले, मग माझ्या हातातलीचे मोजले. (गणित तिचं चांगलं आहे, दुर्दैवानं.) मग तिनं विचारलं, ही मोठी कोणी लावली? आणि ताई, साठ वर्षांचा, चर्चच्या समितीवर असलेला हा तुझा भाऊ तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला की, आर्डिस आजीनं. ऑक्टोबरात ती इथं बसली होती ना, तेव्हा तिनंच सांगितलं, की पहिल्या वर्षी पोरीला हळू ठेव.

तर असं आहे. लाज वाटते असं लिहिलं नाही तरी तुला अक्षरावरून कळेलच. भाचरांना आशीर्वाद. सांधे जप, उन्हात टोपी घाल.

तुझा,
ऑर्विन

ता.क. आता मुद्द्याचं. सिग्ने रविवारी प्रार्थनेनंतर तुला फोन करून जाब विचारणार आहे. तू ‘‘हो, मीच सांगितलं,’’ एवढंच म्हणावंस. दोन मिनिटांचं काम. तू एवढी लांब आहेस, तुझ्यावरचा राग तिला सोसेल. माझ्यावरचा मला सोसणार नाही. हे पत्र त्याआधी पोहोचावं म्हणून आजच तातडीच्या टपालानं टाकतो.

ता.क. २. टाकलं नाही. वरचा ता.क. खोडला असं समज. (खोडत नाही. तुला वाचू दे, मी कुठवर गेलो होतो ते.) मासे न धरता घरी गेलो, तर सिग्नेनं तुझा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. जेवायच्या आधीची प्रार्थना तिची पाळी होती. तिनं अन्नाबद्दल आभार मानले आणि शेवटी म्हणाली, ‘‘देवा, आर्डिस आजीला तू माफ कर, कारण मी नाही करणार.’’ व्हर्नानं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.  आणि मी त्या टेबलावरच सगळं सांगून टाकलं, नोव्हेंबरपासून. व्हर्नानं माझ्यासमोरची ताटली उचलून कुत्र्याला दिली.  मग सिग्ने म्हणाली, ‘‘मला वाटलं, मला येतच नाही.’’ आणि मग पहिल्यांदा रडली, आणि म्हणाली, ‘‘आता माझी वेणी परत लाव.’’ ताई, मला मार पडला असता तर मी आभार मानले असते.

शर्यत दुसऱ्या दिवशी झाली. चकती तिनं स्वतः बसवली, मी फक्त पाने हातात देत होतो आणि बोलायची परवानगी नव्हती. मिल्फर्डनं झाकण उचललं, बघितलं आणि म्हणाला, ‘‘ठीक आहे.’’ नऊ जणांत चौथी आली. मी धावत गेलो, म्हटलं, छान चालवलीस! तर माझ्यावरच ओरडली, ‘‘कसली छान? शेवटच्या वळणावर ब्रेक उशिरा दाबला मी! माझी चूक!’’ आणि गाल लाल, नाक वाहतंय, आणि इतकी खूष, की दोन महिन्यांत तिला असं बघितलं नव्हतं. तुझा फोटो सुलटा झाला आहे. आमच्या लग्नाच्या फोटोत माझ्या तोंडावर हिरवी फीत चिकटवली आहे.

ता.क. ३. घरी येताना तिनं विचारलं, आर्डिस आजीच्या गाडीची चकती कोण बसवायचं? मी म्हटलं, मीच. ती म्हणाली, मग तिची पण हळू केली होतीस? मी म्हटलं, नाही. तिची जोरात केली होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तू सकाळी चर्चच्या तळघरात कॉफी पीत होतीस, तेव्हा मी तुझ्या गाडीची वरची, इंजिनाकडची चकती काढून दोन दाते जास्त असलेली बसवली. (मागची मोठी केली की गाडी हळू होते, इंजिनाकडची मोठी केली की जोरात.) तू जिंकल्यावर सांगणार होतो, सगळ्यांसमोर, की ही करामत माझी. तुला दवाखान्यात नेलं आणि मी बाबांनी गाडी बघायच्या आत जुनी चकती परत बसवली. एकोणीस वर्षांचा होतो, हे काही कारण नाही. कारण त्यानंतर वीस, तीस, चाळीस आणि पन्नास वर्षांचाही झालोच की. वळण तुला आवरलं नाही, ताई, कारण ती गाडी तू कधी चालवलीच नव्हतीस. सिग्नेनं बजावलं आहे की हे लिहिल्याशिवाय ती माझ्याशी बोलणार नाही, आणि आता ती समोर बसून प्रत्येक ओळ वाचते आहे. तू चाळीस वर्षं जी हसत हसत सांगत आलीस, ती चूक माझी आहे. ती मला परत पाठव.